नाही म्हणायचा तास

आमचे सर कुणालाही भेटले की पहिल्या पाच मिनिटांत त्याचा पासवर्ड मागायचे. नवा विद्यार्थी असो, बँकेतला साहेब असो, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी पाहुणा. मागायची तऱ्हा अशी, की मागितला हे समोरच्याच्या ध्यानातच यायचं नाही. गाव कोणतं, आजोळ कुठलं, थोरल्या पोराचं नाव काय, त्याचा जन्म कधीचा, असं विचारत विचारत वरणावर तूप पडेपर्यंत पाहुण्याने आपल्या मोबाईलचं कुलूप सांगून टाकलेलं असायचं. मग सर त्याच्या कानाशी लागून म्हणायचे, "भाऊ, घरी गेल्यावर आधी हा बदला." पाहुण्याचा घास हातातच राहायचा. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, शेवटी त्यांच्याबरोबर लग्नांना जाणंच सोडून दिलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीचा पूल ओलांडून गेलं की एका शिलाईवाल्या चाचांचं दुकान होतं, त्याच्या वरच्या माळ्यावर सरांचा क्लास. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे कसे आणि जोडल्यावर चोरांपासून राखायचे कसे, हे तिथे शिकवलं जायचं. नेटवर्किंग आणि सायबर सुरक्षा असं मोठं नाव पाटीवर होतं, पण गल्लीत सगळे त्याला वायरचा क्लास म्हणत. खोलीत एकच कूलर. तो मे महिन्यातसुद्धा मशीनींकडे तोंड करून ठेवलेला. आम्ही घामाने निथळत असायचो. कुणी कुरकुर केली तर सर म्हणायचे, तुमी घामानं मरत नाही, हे मरते. शर्टाच्या खिशात लोक कंगवा ठेवतात, सर वायरींची टोकं दाबायचा चिमटा ठेवायचे. पहिले पंधरा दिवस कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, वायरी सोलायच्या आणि आतल्या आठ तारांचे रंग ओळीने पाठ करायचे, असा नियम. माझ्या अंगठ्याला त्या दिवसांत पडलेला घट्टा अजून आहे, हवं तर दाखवते.

शिकवायचे मात्र बाप्पा, तोड नव्हती. प्रत्येक मशीनला त्यांनी गावाचं नाव दिलेलं होतं: पातूर, बाळापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी. पातूरहून निघालेली चिठ्ठी मूर्तिजापूरला कशी पोचते? अकोल्याच्या स्टँडवर गाडी बदलून. तर राउटर म्हणजे अकोल्याचा स्टँड. स्टँडवरच्या कंट्रोलरला तुमच्या मावशीचं घर ठाऊक नसतं, कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागते तेवढं ठाऊक असतं. झालं, राउटर कळला. फायरवॉल म्हणजे मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसलेला म्हातारा, जो येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, कोनाकडले? आणि फुकट जेवायला आलेला माणूस छातीठोकपणे सांगतो, नवरदेवाकडले. आज मी अमरावतीत इंजिनियर झालेल्या पोरांना शिकवते. पुस्तकातली व्याख्या सांगितली तर ती जांभया देतात, आणि मांडवातला म्हातारा सांगितला की ताठ बसतात.

मी बार्शीटाकळीची. आमच्या घरात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि मी तर घरातली सगळ्यात बोलकी. क्लासच्या पहिल्या दिवशी सरांनी मला समोर बसवून घरची चौकशी केली. गाव सांगितलं तर म्हणाले, अरे, तिथे तर आमचे साडू. मग शेती किती, ढोरं किती, म्हशीचं नाव काय. मी कौतुकाने सांगितलं, चंद्री. दूध किती देते तेही सांगितलं. वर जन्मसालही सांगून मोकळी झाले. सर उठले, फळ्यावर इंग्रजीत चंद्री लिहिलं, पुढे माझं जन्मसाल लिहिलं आणि मला विचारलं, हेच ना? माझ्या ईमेलचा पासवर्ड सगळ्या क्लाससमोर फळ्यावर होता. पोट्टे हसून लोळले. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी यायचं नाही असं ठरवूनच मी गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर होते, कारण हार मानली असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही.

दर शनिवारी सरांचा एक वेगळाच तास असायचा. नाही म्हणायचा तास. एकेकाने पुढे यायचं, सर त्याच्याकडे पासवर्ड मागणार आणि त्याने फक्त नाही म्हणायचं. ऐकायला पोरखेळ. पण सर काय काय करायचे! हात जोडायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, नातं काढायचे, साहेब होऊन दरडावायचे. त्यांचं म्हणणं असं, की वऱ्हाडातला माणूस भांडेल, शिव्या देईल, पण तोंडावर नाही म्हणणार नाही. 'पाहू' म्हणेल, 'उद्या या' म्हणेल, 'बसा, चहा घ्या' म्हणेल. "पाहू म्हंजे उघडं फाटक," ते म्हणायचे. "भीड भिकेची बहीण. चोराले कुलूप तोडा नाही लागत, आपली भीडच त्याले किल्ली देते."

जो पोरगा किंवा पोरगी सरांच्या डोळ्यांत बघून, कारण न सांगता, माफी न मागता, सरळ नाही म्हणेल त्याला सर स्वतःच्या थर्मासमधून अर्धा कप चहा ओतून द्यायचे. बिनसाखरेचा, कारण सरांना शुगर होती. त्या दिवशी मग सर स्वतः चहा प्यायचे नाहीत, थर्मासमध्ये असायचाच तेवढा. चहा म्हणाल तर गुळणी करायच्या लायकीचा. पण तो ज्याला मिळाला तो आठवडाभर मान वर करून चालायचा.

मला तो कधी मिळाला नाही. भांडायला मी कुणाला हार जात नाही, बसच्या कंडक्टरपासून नगरपालिकेतल्या बाबूपर्यंत कुणालाही विचारा. पण सरांनी हात जोडले की माझ्या तोंडून 'बघते ना सर' निघायचंच. एकदा तर तास नव्हता, साधा वार होता. खालचे चाचा धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "बेटी, फारम की आज आखरी तारीख है. तेरे मोबाईल पे एक नंबर आयेगा, बस बता दे." पांढरी दाढी, रोज सलाम करणारा माणूस. मी नंबर सांगितला. दाराआडून सर बाहेर आले. चाचा ओशाळून म्हणाले, माफ कर बेटी, तेरे सर ने बोला था. त्यांच्यावर मी रागावले नाही, पण सरांशी दोन दिवस बोलले नाही.

गंमत ही, की सरांना स्वतःला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. गल्लीतल्या कुणाचा प्रिंटर अडला, कुणाला पोराचा निकाल काढून हवा, कुणाला स्कूटर हवी, सर उठलेच. ताटावरून उठायचे. काकू म्हणायच्या, बाहेर जगाले 'नाही' शिकवते अन् घरी साऱ्याईले 'हाव, हाव' म्हनत फिरते. सरांना हे टोचायचं. एकदा मला म्हणाले होते, मले येत नाही म्हनूनच शिकवतो, ज्याले येते त्याले शिकवाची काय गरज पडली.

त्यांचा अजून एक नियम होता. पाच माणसांचे फोन नंबर तोंडपाठ हवेत आणि फोनवरून कुणी काही मागितलं की फोन ठेवून द्यायचा, मग त्या माणसाच्या आपल्याला पाठ असलेल्या नंबरावर आपणच लावायचा. आलेल्या फोनवर काही द्यायचं नाही, अगदी बापाचा असला तरी. आम्ही हसायचो.

अमरावतीत सरांनी दुसरा क्लास काढला तेव्हा तो मला सांभाळायला दिला. त्याच सुमारास नांदगाव पेठेच्या एमआयडीसीतल्या एका कापड युनिटचं काम मिळालं. त्यांचं नेटवर्क राखायचं आणि ऑफिसातल्या माणसांना शिकवायचं. त्या नेटवर्कच्या मुख्य दाराचा पासवर्ड दोघांनाच माहीत, सरांना आणि मला. कुठे लिहायचा नाही, तोंडाने सांगायचा नाही. पहिली बॅच सरांनी मला दिली. एकटीने घ्यायची, माझी पहिली. मी आठवडाभर आरशासमोर तालीम केली. आईने नवा कुडता शिवून पाठवला.

त्या सकाळी युनिटच्या ऑफिसबाहेर सर घाईघाईने आले. कपाळाला घाम, हातात मी आत मांडून ठेवलेला माझाच लॅपटॉप. म्हणाले, अगं हा बंद झाला, लोक येऊन बसले, तुझा पासवर्ड सांग, मी लावून देतो. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सांगितला. सरांनी लॅपटॉप मिटला. चेहऱ्यावरचा घामसुद्धा नळाच्या पाण्याचा होता. "बॅच मी घेतो," ते म्हणाले. "तू मागं बस."

मी नव्या कुडत्यात शेवटच्या रांगेत बसले, हजेरीच्या क्लार्कबाईंच्या शेजारी. त्या मला विचारत होत्या, तुम्ही पण शिकायला आल्या का? संध्याकाळी मी सरांना गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही माझे सर आहात, तुम्हाला मी नाही कशी म्हणणार, हा कुठला न्याय, परक्याला मी दिला असता का.

"थेच तं," सर म्हणाले. "येनारा परक्याच्या तोंडानं येतच नाही बाई. थो तुया सराच्या तोंडानं येते."

त्यानंतर वर्षभर युनिटच्या बॅचेस होत राहिल्या. तयारी मी करायची, फळा मी पुसायचा, शिकवायचे सर. मी कधी विचारलं तर म्हणायचे, पाहू. मुद्दाम पाहू म्हणायचे. अमरावतीच्या क्लासात मी रोज शिकवत होते, पोरं मला मॅडम म्हणत होती, पण पेठेची बॅच मिळत नाही तोवर मी स्वतःला ट्रेनर म्हणवून घेत नव्हते. घरी आई विचारायची, अजून त्या सरांच्या हाताखालीच का? ते मला फार लागायचं.

मग तो बुधवार आला. बुधवारी सर मूर्तिजापूरच्या एका शाळेत शिकवायला जायचे, स्कूटरने. एसटीने का नाही, तर शेजारी बसलेल्याचा पासवर्ड काढल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही आणि मागे एकदा त्यावरून भांडण झालं होतं. मी अमरावतीत क्लासमध्ये होते. त्याच आठवड्यात पोरांना शिकवलं होतं, की आजकाल चार वाक्यांचा नमुना मिळाला की कुणाचाही आवाज मशीनवर बनवता येतो, तेव्हा ओळखीच्या आवाजावरही जायचं नाही. अकराच्या सुमाराला अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज सरांचा. दमलेला, तुटक.

म्हणाले, मूर्तिजापूरच्या अलीकडे पडलो. युनिटमधून फोन आला म्हणून स्कूटर कडेला घेत होतो, मुरमावरून चाक गेलं. फोन फुटला, एका वाटसरूच्या फोनवरून बोलतोय. युनिटमधल्या फायली उघडत नाहीयेत, कुणीतरी आत शिरलंय. मुख्य दार बंद करायला हवं. तिथल्या माणसाला मी इथून सांगतो, पण पासवर्ड आठवत नाही, डोकं सुन्न झालंय. लवकर सांग.

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. माझ्या जिभेवर पासवर्ड आला होता. खरं सांगते, पहिलं अक्षर ओठांवर होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "मी फोन ठेवते आणि तुमच्या नंबरावर लावते."

"फोन फुटला म्हनून सांगतलं ना तुले. काहून ऐकून नाही राहिली?"

पलीकडून श्वास ऐकू येत होता. मग तो आवाज अगदी बारीक झाला. "पोरी, लय दुखून राहिलं वं. सांग ना."

मी फोन ठेवला.

आयुष्यात मी बरीच कामं केली, पण इतकं जड काम केलं नाही. सरांचा नंबर फिरवताना तीनदा चुकला. लागला तेव्हा बंद होता. काकूंना लावला, त्यांनी उचलला नाही. मग युनिटच्या ऑफिसचा नंबर, पाठ होता तोच, फिरवला. हजेरीच्या क्लार्कबाईंनी उचलला. म्हणाल्या, हो मॅडम, सकाळपासून फायली उघडत नाहीत, सरांना कळवलं तर त्यांचा फोन मध्येच कटला. म्हणजे तेवढं तरी खरं. मी त्यांना सांगितलं, भिंतीवरच्या पेटीतून बाहेर जाणारी निळी वायर उपटा, काही विचारू नका, उपटा. बाईंनी उपटली. मी क्लास सोडला, स्कूटी काढली आणि नांदगाव पेठ गाठलं. मुख्य दाराचा पासवर्ड माझ्या बोटांनी टाकला, दार बंद केलं, साठवून ठेवलेल्या प्रतींवरून फायली परत आणल्या. दोन मशीनींवरचं काम गेलं, बाकी सगळं वाचलं. युनिटच्या मॅनेजरने शाबासकी दिली. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण तोवर काकूंचा फोन आला होता.

पाय खरोखर मोडला होता, गुडघ्याखाली, दोन ठिकाणी. अकोल्याच्या दवाखान्यात होते. काकू रडतही होत्या आणि रागातही होत्या. म्हणाल्या, रस्त्यात पडल्या पडल्या त्याईनं आधी तुले फोन केला, मले नाही, अन् तू ठेवून देल्ला?

मी एसटीत बसले. मूर्तिजापूरच्या पुढे मुरमाचा ढीग दिसला, त्याच्या कडेला आरशाच्या काचा पडल्या होत्या. मला रडू आलं. नियम नियम म्हणून मी कण्हणाऱ्या माणसाच्या कानावर फोन आपटला होता. ज्याने मला वायर धरायला शिकवलं, त्याच्या. आता बॅच गेली उडत, ती कुणालाही मिळो, सरांनी फक्त तोंड फिरवू नये, एवढंच मी घोकत होते. माझ्यासारखी कजाग बाई दोन तास ओढणीत तोंड घालून बसली होती.

वॉर्डात आठ-दहा खाटा, प्रत्येक खाटेभोवती नातेवाईक. सरांचा पाय प्लॅस्टरमध्ये उंच टांगलेला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली उगीचच हलवून ठेवली. सर छताकडे बघत होते. मी उभीच राहिले. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, सगळं विसरले.

"दहा मिनटं शिव्या देल्ल्या तुले," सर छताकडे बघतच म्हणाले. "लय घान घान. ज्याचा फोन होता थो मानूस कानावर हात ठेवून उभा राहिला."

मी म्हटलं, चुकलं सर. ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. युनिटचं काय झालं विचारलं. मी सांगितलं, निळ्या वायरीपासून सगळं. ते मध्ये मध्ये 'हं' करत होते. सांगून झाल्यावर त्यांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. चेहरा वेदनेने पिवळा पडला होता. काकूही ऐकत होत्या, शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही ऐकत होता.

"बरं, झालं थे झालं," सर म्हणाले. "मले अजून आठवून नाही राहिला. आता तं मीच हाये ना, समोर हाये. सांग, काय होता थो पासवर्ड?"

त्यांचा हात चादरीवर उघडा पडला होता, सलाइनची सुई टोचलेला. काकू माझ्याकडे बघत होत्या, की आता तरी सांग म्हणून. खाटेवरचा म्हाताराही जरा पुढे सरकला. मी सरांच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही."

सरांनी डोळे मिटले. बराच वेळ ते मिटलेलेच होते आणि मला वाटलं, संपलं सगळं. मग ते काकूंना म्हणाले, थर्मास दे. काकू म्हणाल्या, आता काय चहा, डॉक्टरनं नाही म्हटलं. मले नाही, सर म्हणाले. पडल्या पडल्या एका हाताने त्यांनी तो ओतला. अर्धा कपात, अर्धा चादरीवर. काकू चादरीवरून ओरडल्या.

"सोमवारी पेठेची बॅच हाये," कप माझ्या हातात देत सर म्हणाले. "मले जमनार नाही. तू घे."

चहा सकाळचा होता, गार झालेला, आणि साखर तर त्यात नसायचीच. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसून तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.